रोमच्या बायकांचे सण: आत कोणाला घ्यायचं, बाहेर कोणाला ठेवायचं

प्रश्न असा आला होता: प्राचीन रोममध्ये स्त्रिया आणि सुफलता यांच्याशी जोडलेले सण कोणते, ते प्रत्यक्षात कसे पार पडत, आणि लुपरकेलिया ह्या फेब्रुवारीतल्या रोमन सणातूनच पुढे व्हॅलेंटाइन डे निघाला हे खरं का?

व्हॅलेंटाइनचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. का ते शेवटी सांगते. रोमन इतिहास शिकवायला घेतल्यापासून दर फेब्रुवारीत कोणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक चित्र पक्कं असतं: फुलांच्या माळा, एक आदिमाता, तिच्याभोवती फेर धरलेल्या बायका, सगळ्या कशा एकजीव. हे चित्र गेल्या शे-दीडशे वर्षांतल्या लेखकांनी रंगवलेलं आहे. रोमच्या पंचांगात सगळ्या बायकांचा मिळून असा सण शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. घरंदाज विवाहितांचा सण वेगळा, एकदाच लग्न झालेल्यांचा वेगळा, दासींचा वेगळा, वेश्यांचा वेगळा. त्यामुळे कुठल्याही सणाबद्दल वाचताना मी आधी दार बघते. आत कोणाला घेतलंय, कोणाला हाकललंय? देवीचं नाव, कथा, नैवेद्य हे सगळं त्यानंतर.

आणि सुफलतेबद्दल आधीच एक सांगून ठेवते. त्यात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. जन्मलेल्या मुलांपैकी पाव ते एक तृतीयांश पहिल्या वर्षातच दगावत असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ग्राकस बंधूंची आई कॉर्नेलिया हिला बारा मुलं झाली, त्यातली तीन मोठी झाली; आणि ही रोममधल्या सर्वांत मातब्बर घरांपैकी एका घरातली बाई. सीझरची मुलगी जुलिया इ.स.पू. ५४ मध्ये बाळंतपणात गेली. सिसेरोची लाडकी तुलिया इ.स.पू. ४५ मध्ये बाळंत झाल्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. देवीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला बाळंतपण म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं.

सुरुवात १ मार्चपासून करू. ह्या दिवशी मात्रोनालिया, म्हणजे बाळंतपणाची देवी जुनो लुसिना हिचा सण. तिचं देऊळ एस्क्विलिन टेकडीवर इ.स.पू. ३७५ मध्ये बांधलं गेलं, पण तिथली राई त्याहून जुनी होती. विवाहित बायका फुलं घेऊन देवळात जात. गरोदर बाईने केस मोकळे सोडून प्रार्थना करायची, कारण अंगावर कुठेही गाठ असली तर बाळंतपणही अडतं अशी समजूत. थोरला प्लिनी तर लिहितो की गरोदर बाईजवळ बोटांत बोटं गुंतवून बसणं हीच करणी समजली जाई. घरी नवरे बायकोच्या आयुरारोग्यासाठी प्रार्थना करत आणि तिला भेटवस्तू देत. प्लाउटसच्या एका नाटकात एक म्हातारा ब्रह्मचारी लग्न न करण्याचं कारण सांगताना म्हणतो की, बायको भल्या पहाटे उठवून म्हणणार, ‘अहो, आज मार्चची पहिली, आईला द्यायला काहीतरी द्या ना.’ होरेसने एका कवितेची सुरुवातच अशी केली आहे: मी सडाफटिंग माणूस, बायकांच्या ह्या दिवशी हातात फुलं आणि धूप घेऊन काय करतोय असं तुला वाटत असेल. सम्राट व्हेस्पाझियन डिसेंबरच्या सॅटर्नेलियाला पुरुषांना भेटी वाटे, तशा १ मार्चला बायकांना.

ह्याच दिवशी मालकिणी घरच्या गुलामांना स्वतःच्या हाताने वाढत. हे वाचून लोकांना भरून येतं. उत्तरकालीन रोमन लेखक मॅक्रोबियस मात्र कारण रोकठोक देतो: रोमन वर्ष पूर्वी मार्चमध्ये सुरू होई, वर्षारंभी मालकिणीने वाढलं की गुलाम वर्षभर नीट राबतात.

लुसिनाच्या देवळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती मला कथांपेक्षा जास्त बोलकी वाटते. राजा सर्व्हियस टुलियस याने म्हणे नियम केला की प्रत्येक जन्मामागे एक नाणं लुसिनाच्या खजिन्यात टाकायचं, मुलगा वयात आला की एक तारुण्याची देवी युव्हेंटास हिच्या, आणि माणूस मेला की एक अंत्यविधीची देवी लिबिटिना हिच्या. राजा दंतकथेतला असो नसो, राज्याची नजर त्यातून दिसते. देवीची पेटी म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही.

आता ज्या सणावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते तो: मात्रालिया, ११ जून. देवी मातेर मातुता. देऊळ टायबरच्या काठी, गुरांच्या बाजाराजवळ. आज तिथे सांत ओमोबोनो नावाचं छोटं चर्च आहे आणि त्याच्या कडेला, रस्त्याच्या पातळीखाली, उत्खननाचे खड्डे. इ.स.पू. सहाव्या शतकातलं देऊळ तिथे सापडलं आहे. सणाच्या दिवशी बायका खापरावर भाजलेल्या पोळ्या देवीला नेत. खापर चांगलं तापवून त्यावर ह्या पोळ्या होत, आणि रोमन विद्वान व्हारो याच्या काळातही, चुली आणि भट्ट्या सुधारल्यानंतरही, मात्रालियाला मात्र तेच जुनं खापर निघत असे. देवीच्या मूर्तीला हार घालायचा मान फक्त एकदाच लग्न झालेल्या बाईचा. मराठी वाचकाला इथे हळदीकुंकवाची आठवण होणार, आणि ती अगदीच अस्थानी नाही, फक्त मोजमाप वेगळं आहे: रोमन लोक नवरा हयात आहे का यापेक्षा नवरे किती झाले हे विचारत.

मग येतो तो प्रसंग. देवळात दासींना मज्जाव होता. पण एका दासीला मुद्दाम आत आणत, बायका तिच्या थोबाडीत मारत आणि तिला हाकलून देत. ग्रीक लेखक प्लूटार्क हे नोंदवतो आणि कारण म्हणून ग्रीक कथा पुढे करतो: मातुता म्हणजेच इनो, आणि इनोचा नवरा एका दासीच्या नादी लागला होता. दुसरी चमत्कारिक गोष्ट अशी की बायका ह्या देवीकडे स्वतःच्या मुलांसाठी मागणं मागत नसत, बहिणीच्या मुलांसाठी मागत. प्लूटार्कचं उत्तर तेच: इनो स्वतःच्या मुलांच्या बाबतीत कमनशिबी ठरली, पण बहिणीचं मूल तिने वाढवलं.

विसाव्या शतकात फ्रेंच विद्वान जॉर्ज द्युमेझिल याने ह्या कोड्याची किल्ली थेट ऋग्वेदात शोधली. मातुता ही पहाट. वेदातली उषा जशी बहीण रात्र हिचं बाळ, म्हणजे सूर्य, आपलं मानून वाढवते, तशी. आणि मार खाऊन बाहेर जाणारी दासी म्हणजे अंधार. मांडणी देखणी आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला तर लगेच भावते. मला ती पूर्ण पटत नाही. जून महिन्यात गुरांच्या बाजारात जमलेल्या बायका विश्वाची रूपकं खेळत होत्या असं मानण्यापेक्षा मला साधी गोष्ट दिसते. ज्या समाजात बहीण बाळंतपणात जाण्याची शक्यता एवढी, तिथे मावशीच्या तोंडी भाच्यांसाठी मागणं घालणं ही व्यवस्था आहे. आणि दासीला थोबाडीत मारणं हीसुद्धा व्यवस्थाच आहे. नवऱ्याच्या घरात दासीपासून झालेली मुलं कायद्याने दासीचीच, म्हणजे गुलाम. धर्मपत्नी कोण आणि तिचीच मुलं मुलं, हे वर्षातून एकदा देवीसमोर हाताने ठोकून सांगितलं जाई.

मातृत्वाची शिल्पं बघायची असतील तर रोमपेक्षा कापुआच्या संग्रहालयात जावं. तिथे टफ दगडाच्या शंभराहून अधिक बसक्या बायका आहेत, प्रत्येकीच्या हातावर बाळोत्यात घट्ट गुंडाळलेली तान्ही मुलं, कुणाच्या एक, कुणाच्या दोन्ही बाजूंना मोळीसारखी रचलेली. १८४५ साली शेतात खणताना ह्या सापडायला लागल्या. संग्रहालय त्यांना ‘मातुता माता’ म्हणतं, पण मातुताशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. मूल झाल्याबद्दल किंवा व्हावं म्हणून वाहिलेले नवस आहेत एवढंच म्हणता येतं.

बोना देआ, म्हणजे ‘चांगली देवी’, हिचं खरं नाव पुरुषांना सांगायचं नाही असा दंडक. १ मे हा तिच्या आव्हेंटाइनवरच्या देवळाचा दिवस, पण गाजली ती डिसेंबरची रात्र. त्या वर्षीच्या एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या घरी हा विधी होई. घरमालकासकट सगळे पुरुष घराबाहेर. नर जनावरंही बाहेर. भिंतीवरच्या चित्रात नर प्राणी असेल तर त्यावर कापड. यजमानीण आणि व्हेस्टाच्या कुमारिका, म्हणजे चुलीची देवी व्हेस्टा हिच्या ब्रह्मचारिणी पुजारिणी, मिळून पूजा करत, एका डुकरिणीचा बळी दिला जाई, रात्रभर गाणं-वाजवणं चाले. आणि द्राक्षारस असे, बऱ्यापैकी असे. फक्त त्याला ‘दूध’ म्हणायचं, आणि ज्या भांड्यात तो ठेवला त्याला ‘मधाचं भांडं’. मर्टल ह्या सुगंधी झुडपाची फांदी मात्र त्या घरात चालत नसे. कथा अशी की फॉनस ह्या रानदेवाने द्राक्षारस प्यायल्याबद्दल आपल्या बायकोला (दुसऱ्या पाठात मुलीला, आणि तिथे कारणही वेगळं) मर्टलच्या फोकाने बडवलं होतं. ज्या रोममध्ये ‘बायको दारू प्याली म्हणून नवऱ्याने तिला ठार मारलं आणि त्याला शिक्षा झाली नाही’ ही गोष्ट जुन्या काळच्या शिस्तीचा नमुना म्हणून अभिमानाने सांगत, त्याच रोममध्ये राज्याच्या कल्याणासाठी बायकांनी एका रात्री दार लावून प्यायची. ह्या विधीत बंडखोरी शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो ‘रोमन जनतेच्या हितासाठी’ अशा अधिकृत शब्दांत होई.

इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरात हा विधी सीझरच्या घरी होता. तरुण क्लोडियस बाईच्या वेषात, वाजंत्रीवाली म्हणून आत शिरला. उद्देश सीझरची बायको पोम्पेया, असं म्हणतात. ज्या दासीशी संधान होतं ती निरोप द्यायला गेली आणि परत यायला उशीर झाला. हा उजेड चुकवत घरात भटकत राहिला. सीझरच्या आईच्या दासीने त्याला हटकलं, चल खेळायला, म्हणून ओढलं, कुठली गं तू विचारलं. त्याने तोंड उघडलं आणि आवाजाने घात केला. मग सीझरची आई ऑरेलिया हिने जे केलं ते बघण्यासारखं आहे: किंचाळणं वगैरे काही नाही, आधी विधी थांबवला, पूजेच्या वस्तू झाकल्या, दारं बंद करायला लावली, आणि मशाली घेऊन खोल्यांमागून खोल्या तपासल्या. क्लोडियस त्या दासीच्या खोलीत सापडला. व्हेस्टाच्या कुमारिकांनी विधी पुन्हा केला. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. मी त्या दिवशी रोममध्ये नव्हतोच, असं क्लोडियसने सांगितलं. सिसेरोने साक्ष दिली की तो त्याच दिवशी माझ्या घरी आला होता. पंचांना पैसे चारले गेले आणि तो सुटला. सीझरने पोम्पेयाला सोडलं आणि माझी बायको संशयापलीकडची हवी, हे वाक्य इतिहासात सोडलं. पोम्पेयाचं म्हणणं काय होतं ते कोणी लिहून ठेवलं नाही.

पण हे झालं उच्चभ्रूंच्या घरचं. दगडांवरचे लेख वाचले की दुसरीच बोना देआ भेटते. रोममध्ये सापडलेल्या एका लेखात फेलिक्स आसिनियानस नावाचा सरकारी गुलाम सांगतो: वैद्यांनी हात टेकले होते, दहा महिन्यांनी देवीच्या कृपेने, तिच्या औषधांनी, माझे डोळे परत आले, नवस फेडायला पांढरी कालवड दिली. गुलाम, पुरुष, आणि ‘फक्त बायकांच्या’ देवीचा भक्त. तिच्या देवळात औषधी वनस्पती ठेवत, आणि तिथल्या सापांना कोणी मारत नसे. तेव्हा पुरुषांना बंदी होती ती विशिष्ट रात्रीच्या विशिष्ट विधीला. एरवी आजारी माणसाला देवी देवी असते.

एप्रिलच्या सणांबद्दल थोडक्यात. १ तारखेला घरंदाज बायका व्हीनस व्हर्टिकॉर्डियाच्या मूर्तीचे दागिने उतरवून तिला न्हाऊ घालत, पुन्हा मढवत, ताजी फुलं वाहत, स्वतः मर्टलचा मुकुट घालून स्नान करत आणि खसखस वाटून घातलेलं दूध-मध पीत. ही व्हीनस म्हणजे मन वळवणारी, आणि वळवायचं कुठे तर पातिव्रत्याकडे. तिचं देऊळ इ.स.पू. ११४ मध्ये, व्हेस्टाच्या कुमारिकांनी ब्रह्मचर्य मोडल्याचं प्रकरण उघडकीस आल्यावर, शांती म्हणून बांधलं गेलं. त्याच दिवशी साध्या घरच्या बायका पुरुषांच्या स्नानगृहात जाऊन फॉर्च्युना व्हिरिलिसला धूप घालत. अंगावरची खोट पुरुषांच्या नजरेपासून झाकून ठेव, हे मागणं. एकच तारीख, दोन देवी, दोन वर्ग. आजकाल ह्या दिवसाला सर्रास ‘व्हेनेरालिया’ म्हणतात, पण हे नाव इ.स. ३५४ च्या एका कॅलेंडरात येतं, त्याआधी नाही.

महिन्याच्या शेवटी, २८ एप्रिलपासून, फ्लोराचा सण. रंगीत कपडे, रंगमंचावर नाच, लोकांवर चणे आणि शेंगा उधळणं, ससे आणि शेळ्या मोकळ्या सोडणं. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला की नटींनी कपडे उतरवायचे, हा रिवाज. वेश्या ह्या सणाला आपला म्हणत. इ.स.पू. ५५ मध्ये करारी राजकारणी केटो प्रेक्षकांत बसला होता. त्याच्यासमोर लोकांना ते ओरडायला लाज वाटतेय, हे कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, आणि तो उठून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग जे हवं ते मागितलं. फ्लोराचे खेळ इ.स.पू. १७३ पासून दरवर्षी व्हायला लागले ते पिकांच्या मोहोराचं नुकसान झालं म्हणून. धान्याच्या फुलोऱ्यासाठी जे लागतं ते पातिव्रत्याने होत नाही, हे रोमन धर्माला कळत होतं. त्याने ते काम वेगळ्या बायकांकडे सोपवलं, इतकंच.

दासींचा दिवस ७ जुलै. जुनो काप्रोटिनाच्या नावाने रानटी अंजिराच्या झाडाखाली नैवेद्य. त्याच झाडाचा चीक दुधाच्या जागी. कथा अशी की गॉल लोकांनी रोम लुटल्यावर शेजाऱ्यांनी संधी साधून रोमच्या बायका-मुली मागितल्या. तेव्हा तुतुला नावाची दासी (काही ठिकाणी फिलोटिस) म्हणाली, आम्हाला मालकिणींचे कपडे घाला, आम्ही जातो. गेल्या, शत्रूच्या छावणीत सगळ्यांना पाजलं, अंजिराच्या झाडावरून खूण केली, रोमन सैन्य तुटून पडलं. दासींना स्वातंत्र्य आणि हुंडा मिळाला. सणाच्या दिवशी दासी नटून गावभर फिरत, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करत, आपसांत लुटुपुटीची मारामारी आणि दगडफेक करत. मॅक्रोबियस सांगतो की ह्या पूजेत मालकिणी आणि दासी दोघी असत. ११ जूनला थोबाडीत खाणारी आणि ७ जुलैला मिरवणारी, दोन्हीकडे दासीच. मधे चार आठवडेही नाहीत.

बायकांच्या विधींवाचून राज्याचं अडत होतं का? हो, आणि त्याचा पुरावा कॅनीच्या लढाईनंतरच्या दिवसांत मिळतो. इ.स.पू. २१६ च्या ऑगस्टमध्ये हॅनिबलने रोमचं सैन्य कापून काढलं. सेरेस ह्या धान्यदेवीची बायकांनी करायची वार्षिक पूजा तोंडावर होती, पण सुतकातल्या बाईला ती चालत नाही, आणि रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो की सुतक नाही अशी एकही विवाहित बाई शहरात उरली नव्हती. पूजा चुकली. तेव्हा सिनेटने ठराव केला: शोक तीस दिवसांपुरता. बाहेर हॅनिबल मोकळा फिरतोय आणि सिनेट बायकांनी किती दिवस रडायचं हे ठरवतंय. दैवी खाती अशी पडून राहू देणं त्यांना परवडणारं नव्हतं. ह्या पूजेच्या पुजारिणी दक्षिण इटलीतल्या ग्रीक गावांतून, नेपल्स आणि वेलियाहून, आणत आणि त्यांना रोमचं नागरिकत्व देत, म्हणजे परकी विद्या जाणणारी बाई नागरिक म्हणून देवीला बोलेल.

जमिनीच्या सुफलतेचा सगळ्यात कठोर विधी १५ एप्रिलचा, फोर्डिसिडिया. गाभण गाई धरित्रीला बळी द्यायच्या. शहराच्या तीस कुरियांमध्ये, म्हणजे नागरिकांच्या जुन्या विभागांमध्ये, प्रत्येकी एक. पोटातली वासरं काढून व्हेस्टाची सर्वांत वडील कुमारिका ती जाळे, आणि ती राख २१ तारखेच्या पारिलियाला कळप शुद्ध करायला वापरत. शेत पोटुशी आहे तेव्हा पोटुशी गाय द्यायची हा हिशेब. आणि हे हाताळणारी बाई कोण, तर तीस वर्षं ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली.

ऑगस्टसने हे सगळं धोरणात ओढलं. इ.स.पू. १८ मध्ये लग्नाचे कायदे, लगेच इ.स.पू. १७ मध्ये शतकोत्सव: ११० विवाहित स्त्रिया जुनो आणि डायनासाठी आसनं मांडून, प्रसूतीच्या देवींना नैवेद्य, धरित्रीला गाभण डुकरीण. तीन मुलं असली की सवलती. त्याची स्वतःची बायको लिव्हिया हिला दोनच मुलं, तीही आधीच्या लग्नाची; त्यातला ड्रुसस इ.स.पू. ९ मध्ये गेला तेव्हा सिनेटने तिला तीन मुलांच्या आईचा दर्जा बहाल केला.

आता लुपरकेलिया, १५ फेब्रुवारी. हा बायकांचा सण नव्हेच. पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी, जिथे लांडगीने रोम्युलस आणि रीमसला पाजलं असं मानत, त्या गुहेत शेळ्या आणि एक कुत्रा बळी देत. चांगल्या घरच्या दोन तरुणांच्या कपाळाला रक्ताळलेली सुरी लावायची, लगेच दुधात बुडवलेल्या लोकरीने पुसायची, आणि मग त्या दोघांनी हसायचं. का हसायचं? कोणी सांगत नाही. बळीच्या कातड्याच्या वाद्या कापून, कमरेला तेवढंच कातडं गुंडाळून, हे तरुण धावत सुटत आणि वाटेत भेटेल त्याला वादी मारत. प्लूटार्क लिहितो की मोठमोठ्या घरच्या बायका मुद्दाम वाटेत उभ्या राहून, शाळेत पोरं मास्तरांपुढे करतात तसे, हात पुढे करत. गरोदर असेल तर सुखरूप सुटका, नसेल तर मूल, ही आशा. इ.स.पू. ४४ मध्ये ह्याच धावण्यात कातडं नेसलेल्या अँटनीने सीझरपुढे मुकुट धरला होता.

बायकांचा भाग मुळापासूनचा दिसत नाही. कवी ओव्हिड कथा सांगतो: बायकांना मूल होईना, तेव्हा एस्क्विलिनवरच्या जुनोच्या राईतून आवाज आला, ‘पवित्र बोकडाने इटलीच्या मातांमध्ये शिरावं.’ सगळे हादरले. मग एका एट्रुस्कन भविष्यवेत्त्याने बोकड कापला, त्याच्या कातड्याच्या वाद्या केल्या आणि बायकांच्या पाठीवर मारायला सांगितल्या. भयंकर आज्ञा पाळायची, पण शब्दाला शब्द धरून नाही. रोमन धर्माचा हा हातखंडा. लिव्हीच्या हरवलेल्या भागातही वांझपणावर उपाय म्हणून फटके सुरू झाल्याचं होतं, असं पुढच्या एका ख्रिस्ती पत्रावरून कळतं. मूळचा सण कळपांचा आणि शुद्धीचा, त्यात ही गरज नंतर येऊन बसली, असं माझं मत. काळाबरोबर ती वाढतही गेली: प्लूटार्कच्या काळात पुढे केलेले हात, तर ट्युनिशियात एल जेम इथे सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या बारा महिन्यांच्या मोझेकमध्ये फेब्रुवारीचं चित्र म्हणून उघड्या अंगावर फटके खाणारी बाई.

ते ख्रिस्ती पत्र पोप गेलासियस याच्या नावावर आहे. त्याची कारकीर्द ४९२ ते ४९६. त्यात तो अँड्रोमाकस नावाच्या सिनेटरला आणि त्याच्या मंडळींना झोडतो. हे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत आणि तरी लुपरकेलिया चालू राहावा म्हणत. पण धावायला आता भाड्याची हलकी माणसं. गेलासियस विचारतो, एवढा विश्वास आहे तर पूर्वजांसारखे स्वतः उघडे धावा ना. ह्या पत्रात व्हॅलेंटाइनचं नाव नाही. त्याने सण बंद करून त्या जागी दुसरा सण नेमला, असंही त्यात कुठे नाही.

प्रेमाशी व्हॅलेंटाइनचं नातं दिसायला लागतं ते थेट चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडात, चॉसरच्या पक्ष्यांनी जोडीदार निवडण्याच्या कवितेत. मधे नऊशे वर्षांची पोकळी. आणि रोममध्ये तरुण मडक्यातून मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढत ही जी गोष्ट दरवर्षी फिरते, तिला एकाही प्राचीन लेखकाचा आधार नाही. ती अठराव्या शतकातल्या लेखकांनी पसरवली. तेव्हा ‘मूळचा रोमन सण’ म्हणून कोणी १४ फेब्रुवारीचा संदेश पाठवला तर त्याला निदान एवढं तरी सांगा की शेळीच्या वाद्या १५ तारखेला निघत, आणि त्यात प्रेमाचा विषयच नव्हता.